मार्सलीने घेतलेला मेंढा

माझी बायको एफी वसंतात वारली. त्यानंतर अपंगांच्या सरकारी मदतीचं बघणारी कौन्सिलची बाई घरी आली आणि आमच्या मुलीला, मार्सलीला, विचारू लागली, "तुला मदतीला कोण हवं? केव्हा? कशासाठी?"

मी म्हणालो, "सकाळी आंघोळ, मंगळवारी दिवसभर अपंगांच्या केंद्रात. माझ्या बायकोने सगळं लावून ठेवलंय."

"मी मार्सलीला विचारलं," बाई म्हणाली.

मार्सली चौतीस वर्षांची आहे. जन्मापासून हातपाय तिच्या ताब्यात नाहीत. मानही मध्येच झटका खाते. शब्द येतात, पण एकेक, वेळ घेऊन. बाई थांबून राहिली.

"डोलिना," मार्सली शेवटी म्हणाली. "केंद्र... नको."

डोलिना मासळीच्या कारखान्यात होती. तोंडाचा पट्टा चालू, हातात सिगारेट. एफी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसे. पण मदतीच्या पैशांतून कोणाला कामावर ठेवायचं आणि ते तास कशात घालवायचे, हे आता मार्सलीच ठरवणार, असं बाईने सांगितलं. मला काही कळेना. पोरगी दुःखात आहे, कंटाळेल आपोआप, असं मी धरून चाललो. डोलिना तिला रोज बाहेर नेऊ लागली. कुठे, ते मी विचारलं नाही.

सप्टेंबरात मी एफीच्या मेंढ्या विकायला स्टॉर्नोवेच्या लिलावाच्या बाजारात नेल्या. कळप तिचा होता. ती नसताना तो दारात बघवत नव्हता.

माझ्या मेंढ्यांची पाळी दुपारी होती, त्याआधी नर मेंढ्यांचा लिलाव. बाकावर बसलो तर समोर रिंगणाला लागून मार्सलीची चाकांची खुर्ची आणि शेजारी डोलिना.

"तुम्ही इथे काय करताय?"

"कामावर आहे मी," डोलिना म्हणाली. "कशाला आणलंय ते आमच्या मालकीणबाईंना विचारा."

मागून आमच्या गावचा मर्डो ओरडला, "काय रे टॉर्मोड, पोरीने तुझ्यावर पाळत ठेवायला माणूस नेमलाय होय?"

सगळे हसले. मार्सली सगळ्यांत जास्त.

तेवढ्यात काळ्या तोंडाचा, रुंद पाठीचा मेंढा आत आला. लिलाव करणारा फिन्ले दम न घेता आकडे ओरडत होता. मार्सलीची मान हलली. फिन्लेने बोट केलं. भाव चढला. मान पुन्हा हलली. हातोडा पडला. "खुर्चीतल्या बाईंना!"

मी उठलो. "फिन्ले, थांब! ती बोली नव्हती. तिची मान तशीच हलते."

फिन्लेने डोलिनाकडे पाहिलं. "घेतला का गं?"

"मला काय विचारतोस? मी तिच्या नोकरीत आहे. तिला विचार."

मग तो मार्सलीकडे वळला आणि थांबला. सगळेच थांबले. तिच्या वतीने उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण काय बोलायचं तेच मला ठाऊक नव्हतं.

"बाजूला... हलते ती... आपोआप," मार्सली म्हणाली. "वर... मी हलवली. घेतला."

"अगं, कशाला? मेंढ्या तर मी आज..."

"माहीत आहे. कळप... राहावा म्हणून... आले. आईने ठेवलेले... माझे पैसे."

"आणि त्याच्याकडे बघणार कोण?"

"हात... डोलिनाचे. सांगणार... मी."

"उन्हाळाभर टेकडीवरच होतो आम्ही," डोलिना म्हणाली. "कळपामागे खुर्ची ढकलून कंबर गेली माझी. वाटलं काय तुम्हाला, चहा प्यायला जातो?"

मला खरंच तसं वाटलं होतं.

फिन्लेने कागद चाळले. "टॉर्मोड, मग दुपारी तुझ्या मेंढ्या येणार की नाही?"

मी मार्सलीकडे पाहिलं. ती म्हणेल ते करावं, असं मनात आलं.

"बाबांच्या... आहेत आता," ती म्हणाली. "बाबांना... विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एफी काय म्हणाली असती ते आठवून पाहिलं, पण काही ऐकू आलं नाही. घाई कोणीच केली नाही.

"राहू देत," मी म्हणालो.

का म्हणालो, ते अजून सांगता येत नाही. मी मेंढ्या परत गाडीत भरायला मेंढवाड्याकडे गेलो. मागून डोलिनाचा आवाज आला, "अहो, मेंढ्याला जागा ठेवा!"