रांग न मोडणारा फोन

मला कानाला लावू नका, काही ऐकू येणार नाही. मी फोन आहे खरा, पण पुठ्ठ्याचा. माझ्या पाठीवर अजून ‘नंबर ६’ असं छापलेलं आहे, कारण मागच्या जन्मी मी चपलांच्या खोक्याचं झाकण होतो.

माझ्या जन्माला एक भांडण कारणीभूत झालं. एका छोट्या ऑफिसात तीन माणसं ॲपचं रूप ठरवण्याचं काम करतात: मालकीणबाई, तक्तेदादा आणि धाकटी. डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी त्यांना ॲप करायचं होतं. पेशंटनं घरूनच नंबर घ्यावा, खिडकीपुढे ताटकळू नये, एवढीच गोष्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं, “शुक्रवारी नमुना आणा. माझ्या म्हाताऱ्या पेशंटांना जमला तर काम तुमचं. नाहीतर आमची खिडकीच बरी.” धाकटीचं हे पहिलंच स्वतंत्र काम. ते हातचं गेलं असतं तर तिला पुन्हा दुसऱ्यांची चित्रं रंगवत बसावं लागलं असतं.

नमुना म्हणजे लुटुपुटीचं ॲप. खरं बांधण्याआधी माणसांच्या हातात देऊन बघायचं. तो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचा, यावर बारा दिवस खल चालला होता. तक्तेदादांनी नावाला जागून तक्ता केला: अकरा सॉफ्टवेअरं, सतरा रकाने. एक झटपट चालतं, पण दिसायला ओबडधोबड. एक देखणं, पण शिकायलाच महिना. एकात तिघांना एकदम काम करता येतं, म्हणजे तिघांना एकदम भांडताही येतं. रोज नवं सॉफ्टवेअर उघडायचं, पासवर्ड विसरायचा आणि तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायचा. बुधवार उजाडला तरी नमुन्याची एक रेघही ओढली गेली नव्हती.

त्या संध्याकाळी धाकटी तणतणतच घरी आली. तिची आत्या स्वयंपाकघरात डोळ्यांत थेंब घालून बसली होती. आत्या त्याच दवाखान्याची जुनी पेशंट. धाकटीनं आधी आत्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खोक्याकडे. कात्री आणली. मला मध्ये खिडकी पाडली, दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या आणि त्यांतून कागदाची लांब पट्टी ओवली. पट्टीवर पेन्सिलीनं एकेक स्क्रीन काढला. कुणी बटण दाबलं की धाकटी पट्टी ओढणार, आणि दुसरा स्क्रीन खिडकीत येणार. वीस मिनिटांत मी तयार!

“आत्या, हा फोन आहे असं समज आणि दवाखान्याचा नंबर घे.”

“समजले,” म्हणत आत्यानं बोटानं माझ्यावर स्वतःचं नाव गिरवलं. खाली दोन बटणं होती, ‘पुढे’ आणि ‘मागे’. आत्याचं बोट हवेतच थांबलं.

“दाब ना गं, ‘पुढे’ दाब.”

“मुळीच नाही. माझ्या आधी आलेली माणसं काय माश्या मारायला बसलीत? मी नाही रांग मोडायची.”

“अगं, तसं नाही! बरं, नाव चुकलं असेल तर ‘मागे’ दाब.”

“मागे तरी कशाला जाऊ? माझी जागा का सोडू मी?”

आणि आत्या हाताची घडी घालून खरोखरच बसून राहिली.

धाकटी पोट धरून हसली. मग तिनं त्या बटणाकडे पुन्हा पाहिलं. अकरापैकी कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं असतं, तरी तिनं हेच बटण काढलं असतं, छान गोल आणि निळं. आणि दवाखान्यातली सगळी भली माणसं त्याच्यापुढे अशीच अडून बसली असती. तिनं खोडरबर घेतलं. ‘पुढे’ गेलं, ‘नंबर घ्या’ आलं. ‘मागे’ गेलं, ‘नाव बदला’ आलं. आत्यानं बटण इतक्या जोरात दाबलं की मला खळगा पडला. तो अजून आहे, आणि मी तो मिरवतो.

गुरुवारी ऑफिसात तक्तेदादांनी मला उलटासुलटा करून पाहिलं. “याचं चार्जिंग किती वेळ टिकतं?” मालकीणबाईंनी मात्र आत्याचा किस्सा नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “उद्या हाच न्यायचा.”

शुक्रवारी माझी तर पाचावर धारण बसली होती. बाकांवर नऊ पेशंट. एका आजोबांनी मला खरंच कानाला लावलं. एका आजींना अक्षरं बारीक वाटली, तर धाकटीनं तिथल्या तिथे पट्टी उलटून जाड पेननं मोठी काढली. नऊच्या नऊ जणांनी नंबर घेतला. शेवटी डॉक्टरांनीही घेतला. पट्टीवर आलं, ‘तुमचा नंबर दहा.’

“बसा डॉक्टर,” आजोबा म्हणाले, “आमच्यानंतर.”

डॉक्टर हसत हसत बाकावर टेकले. काम धाकटीला मिळालं, आणि मला पुठ्ठा असूनही भरून आलं.

मग सॉफ्टवेअर अर्ध्या तासात ठरलं. तक्तेदादांनी स्वतःच विचारलं, “चूक लवकर दिसते आणि लवकर पुसता येते, असं कुठलं?” बाकीच्या रकान्यांकडे कुणी पाहिलंही नाही.

आत्या आता खऱ्या फोनवर नंबर घेते. मी दोन वर्षं खणात, त्या तक्त्याच्या कागदावर पडून आहे. माझी आठवण कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? आज ऑफिसात आवराआवर निघाली आहे. टेबलापाशी रद्दीची पिशवी उघडी आहे आणि धाकटीनं खण ओढला आहे. माझाही नंबर लागलेला दिसतो.

तक्रार नाही. एवढंच सांगतो, अवजार कुठलंही निवडा, पण त्याआधी एखादी आत्या गाठा. आणि धाकटे, पिशवीत पहिल्यांदा तो सतरा रकान्यांचा तक्ता टाक. तो माझ्या आधी बारा दिवस आलेला आहे. मी नाही रांग मोडायचा.