तात्पुरत्या दाताचं पॉलिश

चिमटीतल्या दाताला चहाचा रंग चढला होता — हिरडीकडच्या कडेला गडद, खाली फिकट होत गेलेला. काल जेवताना बाबांचा हा समोरचा तात्पुरता दात निघाला, तो घासातून वेचून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला होता. आता पॉलिशच्या लेथचं कापडी चाक तिच्यासमोर गरगरत होतं... लेथ बाबांचंच. अंथरूण धरेपर्यंत दात बनवायची ही लॅब तेच चालवत होते. तिला हे काम शिकवलं तेही त्यांनीच.

तात्पुरत्याला काय नटवायचंय, म्हणायचे ते. पक्का येईपर्यंत चार दिवस काढायचेत त्याला. कडा मोडल्या की झालं, पॉलिश पक्क्याला. खरखरीत ॲक्रिलिकमध्ये चहा मुरतो, डाग पडतात — पडेनात का, फेकायचंच आहे ते.

आणि आज सकाळी ती बाबांचे रिपोर्ट दाखवायला हॉस्पिटलात गेली तेव्हा डॉक्टर, वॉर्डाबाहेर, घड्याळाकडे बघत — पक्क्या दाताच्या भानगडीत आता पडू नका, उगाच त्यांना त्रास. मेल्याला इतक्या सहज सांगवलं तरी कसं!

प्युमिसची ओली पूड, मग नुसतं कापड, मग पुन्हा पूड. डाग केव्हाच गेला होता, हात थांबत नव्हता. मला दुसरं येतं तरी काय? दाताच्या पाठीवर दिव्याची नळी लख्ख दिसली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच चीड आली.

घरी येऊन तिने दात कच्च्या सिमेंटने बसवला. बाबांनी त्यावरून जीभ फिरवली — बाहेरून, आतून, पुन्हा आतून. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. आतली बाजूही तिने घासली होती, पक्क्याची घासतात तशी.

"पॉलिश केलंस?"

"डाग पडले होते, बाबा."

"म्हणजे आता हाच."

पक्का भट्टीत आहे, पुढच्या आठवड्यात बसवू... थाप अगदी ओठांवर आली होती. पण या माणसाला थाप मारायची, तीही दाताबद्दल?

"चहा टाक," ते म्हणाले. "कोराच."

पातेल्यापाशी उभं राहून ती चहा उकळू देत राहिली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. इतक्या गुळगुळीत दातावर डाग धरायला महिने लागतात, हे तिला पाठ होतं. बाबांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, आणि ती त्या दाताकडे टक लावून बसली — पड ना रे डागा, पड लवकर, मी पुन्हा घासेन. कप रिकामा झाला. दात पांढराच होता.