चेअरमनबाईंची ओळख

माजलगावच्या कोर्टाबाहेर राधाकिशन वकिलांचं टेबल होतं. हातात नोटरीचा शिक्का असल्यानं लोक त्यांच्याकडून बरंच काही मागायचे. शिक्का मारून जमीन नावावर करून द्या, लग्न लावून द्या, लावलेलं मोडून द्या. वकील सांगायचे, समोर आलेला माणूस तोच आहे आणि त्यानं माझ्यासमोर सही केली, एवढंच मी लिहू शकतो. तो खरं बोलला का खोटं, ते त्याचं त्याच्यापाशी. एवढ्याशा कामाला एवढा मोठा गोल शिक्का कशाला, असं लोकांना वाटे.

ज्या वर्षी धरणाच्या तळाला भेगा पडल्या, त्या वर्षी उत्तरेश्वर आला. धारूरकडच्या त्याच्या गावात महिला दूध संस्था होती. दुष्काळात दूध आटलं, संस्था मात्र पान्हावली. जनावरामागं पैसे देणारी सरकारी चारा छावणी तिला मिळाली होती. संस्थेची चेअरमन उत्तरेश्वरची बायको चतुराबाई. म्हणजे कागदावर. खुर्चीत उत्तरेश्वर बसायचा, चहा तो मागवायचा, सत्काराचा नारळही तोच घ्यायचा. सह्या तेवढ्या बाईंच्या.

मग छावणीत नसलेली जनावरं कागदावर बांधायची वेळ आली आणि चतुराबाईनं सही नाकारली. ती स्वतःच्या दोन म्हशी घेऊन छावणीतच मुक्कामाला होती. नसलेल्या जनावरांनी कडबा खाल्ला की असलेल्यांना कमी पडतो, हे तिला म्हशींच्या बरगड्यांवरून कळत होतं. चेअरमनला एवढी माहिती असणं संस्थेला परवडणारं नव्हतं.

म्हणून उत्तरेश्वरनं तिच्या राजीनाम्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव, राजीखुशीनं.' जागेवर भावजय रुक्मिणीबाई बसणार होत्या. त्यांची प्रकृती कुठंही सही करण्याइतकी उत्तम होती.

वकील म्हणाले, बाईंना आणा. म्हशी सोडून ती कशी येणार, असं उत्तरेश्वरचं म्हणणं. नवरा-बायको काय वेगळे असतात का, हेही त्यानं विचारून पाहिलं. सहीपुरते असतात, वकील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो बाई घेऊन आला. पदर नाकापर्यंत. ओळखपत्र छावणीत राहिलं म्हणाला. पण नवरा सोबत असताना आणखी ओळख कशाला? वकिलांनी पटल्यासारखं केलं आणि बाईंना नाव विचारलं. चतुराबाई. मग नवऱ्याचं विचारलं.

"उत्तरेश्वर," बाई ताडकन म्हणाल्या. "घरी उत्तऱ्याच म्हणतो आमी."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. या वयाच्या बायका त्या टेबलाशी हा प्रश्न आला की आधी जमिनीकडं बघायच्या, मग शेजारच्याला कोपरानं ढोसायच्या, आणि नाव शेवटी दुसराच कुणी सांगायचा.

"जमाना बदललाय, वकीलसाहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "बाया आता माईकवर बोलतेत."

"बोलतेत की. पण तुमाला उत्तऱ्या म्हणणारी बायको असती, तर तुमची असा कागद आणायची छाती झाली नसती. ह्या थोरल्या बहीण दिसतेत."

पदर मागं सरकला. खरंच थोरल्या बहीण दगडाबाई होत्या, भावाला कडेवर खेळवलेल्या. चतुरीला येता येईना, तिनंच तुला जायला सांगितलंय, असं सांगून त्यानं त्यांना आणलं होतं. कागदात काय आहे, ते त्यांनी आता वकिलांना वाचायला लावलं. ऐकल्याबरोबर उठल्या आणि जीपनं सरळ छावणी गाठली.

दोन दिवसांनी दगडाबाई आणि चतुराबाई दोघी टेबलापाशी हजर. दगडाबाईंनी भावालाही सोबत आणलं होतं. कसं, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. चतुराबाईला वेगळा कागद हवा होता. मी राजीनामा दिलेला नाही, द्यायचा झाला तर बैठकीत स्वतः उभी राहून देईन. एवढ्यानं खुर्ची राहील का, असं तिनं विचारलं.

"ते माझ्या हातात न्हाई, बाई. हे तुमीच बोललात, तेवढं मी लिहून देतो. खुर्चीत बसायचं काम तुमचं."

छावणीत राहिलेलं ओळखपत्र एव्हाना उत्तरेश्वरच्या कपाटात असल्याचं निघालं होतं, आणि कपाटाची किल्ली म्हणे हरवली होती. म्हणजे ओळख पटवायला माणूस लागणार. वकिलांनी नवऱ्याचं नाव विचारलं. चतुराबाईनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं, मग हनुवटीनं दाखवलं.

"हे काय, हुबे हायेत की."

वकिलांनी कागद उत्तरेश्वरपुढं सरकवला. 'समक्ष हजर असलेल्या चतुराबाईंना मी ओळखतो.' त्याचा हात काही पुढं येईना.

"कर बे सही," दगडाबाई म्हणाल्या. "का परवा जिला बायको म्हणून आणलतं, तिला इचारायचं?"

त्यानं सही केली. शिक्का बसला.

त्या आठवड्याची बैठक छावणीतच भरली, कारण चेअरमनबाईंना म्हशी सोडून येता येईना. दावणीला होती तेवढीच जनावरं कागदावर चढली. खुर्ची तेवढी संस्थेच्या ऑफिसातून आणावी लागली. उत्तरेश्वरनं ती डोक्यावर आणली.