हातात धरायचा फ्लोट

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या इमारतीत जमिनीखालची टाकी धुण्याची एक रीत पडून गेली होती. पाण्याची कायमची ओढाताण, त्यामुळे तळाचं गुडघाभर पाणीसुद्धा गटारात सोडायला कुणाचं मन होत नसे. मग एकाने टाकीत उतरायचं, एका हाताने वायपर मारत पाणी पंपाच्या पाइपाकडे लोटायचं आणि दुसऱ्या हाताने फ्लोट उचलून धरायचा. फ्लोट म्हणजे वायरीच्या टोकाला असलेला प्लास्टिकचा पोकळ डबा. पाणी उतरलं की तो खाली लोंबतो आणि पंप बंद होतो. हाताने वर धरला की पंपाला वाटतं, टाकी भरलेली आहे. असं करून शेवटचं पाणी पिंपांत भरायचं, ते लादी पुसायला कामाला येई.

नंदाला ही रीत कधीच पसंत नव्हती. पाण्यात उभं राहून ओल्या हातात विजेची वस्तू धरायची म्हणजे काय! पण लोक ऐकत नव्हते. पंपाची देखभाल तिच्याकडेच होती, म्हणून गेल्या वर्षी जुना फ्लोट बिघडला तेव्हा ती स्वतः ठाण्याला गेली. दुकानदाराने आधी एकच विचारलं, "ताई, टाकीत माणूस उतरतो का?" ती हो म्हणाली. त्याने समोरचे स्वस्त फ्लोट बाजूला सारले. जाड रबरी वायरीचा, आत पारा नसलेला एक फ्लोट काढला आणि सोबत भिंतीवर लावायचा एक बॉक्स दिला. त्याने समजावलं, की पंपाला पुरी वीज जाते, पण या बॉक्समुळे फ्लोटच्या वायरीत अगदी नावापुरती वीज खेळते. वायर चिरली तरी माणसाला धक्का बसत नाही.

नंदाने हेच इमारतीतल्या सगळ्यांना सांगितलं. "आता धरायचाच असेल तर खुशाल धरा. माझा शब्द."

बसवायचं काम तिचा दीर सुदेश याने केलं. तो वायरमन, घरचाच माणूस. नंदा त्या दिवशी कामावर होती. तिचा नवरा धनेश जवळ उभा होता. संध्याकाळी बॉक्सवरचा हिरवा दिवा बघून ती निर्धास्त झाली.

यंदा टाकी धुवायची ठरली तेव्हा धनेशच म्हणाला, "आमची दिशा उतरेल. कॉलेजला सुट्टीच आहे तिला."

रविवारी सगळे टाकीच्या तोंडाशी जमले. त्यांच्या लेकीने, दिशाने, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"पंप चालू आहे, आता फ्लोट खाली लोंबून बंद पडेल," शेजारचे पोपटकाका म्हणाले. "थांब पोरी, मी वायर तुझ्या हाताजवळ आणून देतो." त्यांनी वाकून वायर ओढली आणि "आई गं!" करत मागे धपकन बसले.

"काका, पाय घसरला?" दिशा हसली.

"पाय कसला घसरतोय! करंट मारला."

नंदाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग वायर वर ओढून घेतली. बारीक, चिरा पडलेली. ही तिची वायर नव्हती. फ्लोटही तिचा नव्हता. तिने पक्कड आणली, भिंतीवरच्या बॉक्सचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. दोन वायरी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जात होत्या आणि दाखवायला तेवढा हिरवा दिवा जोडलेला होता.

तिने सुदेशला फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊजी, माझा फ्लोट कुठाय?"

"अगं वहिनी, तेव्हा शिळफाट्याला एक काम अडकलेलं. पार्टी डोक्यावर बसलेली. तुमचा तिकडे लावला, बॉक्समधल्या सामानासकट. नंतर बदलणार होतो, राहून गेलं."

"आणि हा दिवा?"

तो वैतागून म्हणाला, "तू बघत बसतेस म्हणून लावला. मेन बंद करून उतरायला सांग ना लोकांना! आणि मलाच काय बोलतेस? दादाला विचारून नेलेला मी."

नंदाने फोन खाली केला. धनेश पिंपाकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या डोक्याला उगाच ताप नको म्हणून नाही बोललो. आणि वर्षभर काही झालं का?"

"दिशाचं नाव तुम्ही दिलंत."

"विसरलो गं. माझ्या डोक्यातनंच गेलं."

पोपटकाका आपला तळहात चोळत होते. नंदाने टाकीतून काढलेला फ्लोट उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"काही होत नाही ना? मग तुम्ही उतरा. हा हातात धरा. मी मेन चालू करते."

"वेडी आहेस का?" म्हणत धनेशने दोन्ही हात पाठीमागे नेले. पुढे केलेला फ्लोट बराच वेळ तसाच राहिला.

मेन चालू करायचा तिचा विचार नव्हताच. तो हात पुढे करतो का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने फ्लोट वायरीसकट कापून काढला आणि दिशाला घरी जायला सांगितलं.

"तुम्ही माझ्या शब्दावर उतरणार होतात," ती जमलेल्यांना म्हणाली. "बॉक्स रिकामा आहे. माझ्या दिराने रिकामा केला आणि माझ्या नवऱ्याने मला सांगितलं नाही. आज पाणी बादलीने काढूया. मी उतरते."

"नंदा, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला?" धनेश पुटपुटला.

तिने वळून पाहिलं नाही. पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.