कुमक्वाट, सालीसकट

भावोजींनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की घरातल्या एका वस्तूला आपली जागा सोडावी लागते. माशांच्या वर्षी जेवणाचे टेबल गेले. व्यायामाच्या वर्षी ताईचे कपाट बाल्कनीत गेले आणि दमट हवेने फुगून बसले. यंदा कुमक्वाटचे वर्ष होते, आणि जाणारी वस्तू मी होतो.

कुमक्वाट म्हणजे संत्र्याच्या कुळातले, मोठ्या बोराएवढे फळ. झाड कुंडीत मावते, थंडीत फळते, आणि काळपट हिरव्या पानांतून ती केशरी फळे अशी डोकावतात, की एखाद्याला उगाचच कोणाची तरी आठवण यावी. भावोजींना अर्थात कोणाची आठवण येत नव्हती. त्यांनी रोपवाटिकेतून फळांनी लगडलेली तीन झाडे आणली : लांबट फळांचे नागामी, गोल फळांचे मेइवा, आणि तिसरे, ज्याला विक्रेत्याने कुमक्वाट म्हटले म्हणून भावोजीही कुमक्वाट म्हणत. ते कॅलामोंडिन होते, कुमक्वाटचे संकरित भावंड. तशी चिठ्ठी कुंडीलाच लटकत होती. पण भावोजी चिठ्ठ्या वाचणाऱ्यांपैकी नव्हते, लावणाऱ्यांपैकी होते.

ते एका गोदामात मालाचे तपासनीस होते. दिवसभर खोकी फोडायची, आतला माल चाचपायचा आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ असा स्टिकर डकवायचा, हे त्यांचे काम. अशा कामाने माणसाला आपण न्यायाधीश असल्याचा भास होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस मी रोज सकाळी चहाच्या टेबलाशी पाहत असे, आणि त्याला साखर पुढे करत असे.

“तिन्हींची तुलना करायची,” त्यांनी जाहीर केले. “घरी लावायला उत्तम कोणतं, ते एकदा ठरवून टाकू. जिंकेल ते राहील, बाकीची बाहेर. लांबट जिंकलं तर प्रश्नच नाही, ते बाल्कनीत मजेत वाढेल. पण गोल जिंकलं, तर त्याला भरपूर ऊन लागतं, ऊब लागते. नाहीतर गोडी भरत नाही. आणि आपल्याकडे ऊन आहे कुठे?”

सगळ्यांनी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिले. सगळ्यांनी म्हणजे त्यांनी आणि ताईने.

माझ्या खोलीला खिडकी एकच आहे, पण तिच्यात दिवसभर ऊन असते. तिच्याखाली माझे टेबल आहे. मी जुने फोटो दुरुस्त करतो. कोणाच्या तरी आजोबांच्या गालावरून गेलेली भेग, कोणा नवरीच्या पदरावरचा बुरशीचा डाग, बारीक कुंचल्याने भरून काढतो. करड्या रंगाच्या छटा विजेच्या दिव्याखाली खोटे बोलतात. उन्हातच त्या खऱ्या उतरतात. त्या खिडकीवाचून माझे काम नाही, आणि त्या दारावाचून माझे एकटेपण नाही.

“आणि मी?” एवढेच विचारले.

“तुम्ही हॉलमध्ये, मेहुणे. सोफा ओढला की पलंग होतो. तसंही तुम्हाला ऊन कशाला हवंय? तुम्ही कुठे पिकताय?”

“अहो, काहीतरीच काय!” ताई म्हणाली, पण म्हणताना ती हसली. ते हसू मला भावोजींच्या बोलण्याहून जास्त लागले.

माझा तिरस्कार मोठा सुसंस्कृत आहे. तो कधी आवाज चढवत नाही. पुढचे काही आठवडे तो भावोजींच्या मागे मागे हिंडला. त्यांनी कुंडीत बोट खुपसून, वैद्याने नाडी पाहावी तसे डोळे मिटून “ओल आहे” म्हणावे आणि लगेच तांब्याभर पाणी ओतावे, हे त्याने पाहिले. पाने पिवळी पडू लागली तेव्हा त्यांनी दोष बाल्कनीच्या दिशेला दिला. नाचता येईना, अंगण वाकडे. एकदा ते कॅलामोंडिनला म्हणाले, “तू डार्क हॉर्स आहेस बरं का!” झाडाने उत्तर दिले नाही. मला झाडाविषयी आदर वाटला.

एका सकाळी गोल झाडाचे एक फळ कुंडीबाहेर पडलेले दिसले. मी ते खिडकीशी नेले आणि, कसे खावे हे ठाऊक नसल्याने, अख्खेच तोंडात टाकले. साल गोड होती. आतला गरही जवळजवळ तितकाच गोड होता. कुठेही अडसर नाही, कुठेही दचकणे नाही; जणू कोणी माझ्याशी बेतानेच, हळू आवाजात बोलत होते. दुसऱ्या दिवशी लांबट फळही तसेच खाल्ले. त्याची साल गोड, पण दात आत रुतताच आंबट रसाची अशी चपराक, की डोळ्यांत पाणी आले. मला गोल आवडले होते. ज्याला घर देण्यासाठी मला बेघर व्हायचे होते, नेमके तेच आवडावे, हे माझ्या एकंदर नशिबाशी सुसंगतच होते.

परीक्षा रविवारी ठेवली. शेजारचे दंतवैद्य बाहेरचे निःपक्षपाती म्हणून आले. भावोजींनी चहाच्या टेबलावर तीन वाट्या मांडल्या, लहान सुरी घेतली आणि एकेक फळ सोलायला बसले. एवढेसे ते फळ, त्याची सुपारीएवढी फोड निघायची. साली मात्र ताटलीत ढिगाने जमत होत्या.

“सोलताय कशाला?” मी म्हणालो. म्हणालो म्हणजे माझ्या तोंडून निघाले.

सुरी थांबली. “मग?”

“हे… सालीसकट खायचं असतं.”

“साल म्हणजे पॅकिंग,” भावोजी दंतवैद्यांकडे वळून म्हणाले, मला उत्तर देणे त्यांच्या पदाला शोभणारे नव्हते. “वीस वर्षं हेच करतोय, डॉक्टर. खोक्याला भुलला तो मेला. आवरण काढल्याशिवाय मालाची परीक्षा होत नाही.”

“दाताचंही तसंच आहे,” दंतवैद्य म्हणाले, “फक्त आम्ही आवरण काढलं तर पेशंट ओरडतो.”

वाट्या फिरल्या. कॅलामोंडिनच्या फोडीने दंतवैद्यांचा चेहरा असा आक्रसला, की क्षणभर त्यांना स्वतःचीच फी द्यावी लागेल असे वाटले. लांबट फळाच्या नुसत्या गरानेही तेच घडले. गोल फळाशी आल्यावर मात्र त्यांनी डोळे उघडले. “हे खाण्यासारखं आहे.”

“झालं तर!” भावोजी माझ्या खोलीच्या दाराकडे मापे घेणाऱ्या नजरेने बघू लागले. “गोल!”

“मला नाही पटत,” ताई म्हणाली. तिचे तोंड भरलेले होते. आम्ही ताटलीकडे पाहिले. सालींचा ढीग अर्धा झाला होता.

“अगं, कचरा काय खातेस!”

“कचरा? अहो, गोड सगळं इथेच आहे! तुम्ही साली टाकल्यात आणि आंबट तेवढं पाहुण्यांना वाढलंत.” तिने एक अख्खे लांबट फळ उचलून तोंडात टाकले, डोळे घट्ट मिटले, खांदे उडवले, आणि मग सावकाश हसली. “अगदी तुमच्यासारखं आहे. वरून गोड, आणि मग कळतं.”

दंतवैद्य इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. भावोजी हसले नाहीत. पण हात दाखवून अवलक्षण झाले होते, आणि न्यायाधीशाला फेरतपासणी नाकारता येईना. पुन्हा चव घेतली गेली, या वेळी सालीसकट. दंतवैद्य गोलवर ठाम राहिले, दातांना सोसते म्हणून. ताई लांबटवर ठाम राहिली, झिणझिण्या येतात म्हणून. कॅलामोंडिनला कोणी दुसऱ्यांदा हात लावला नाही.

“तपासनीस मत देत नसतो,” भावोजी म्हणाले. “राहिले मेहुणे. बोला. खरं सांगायचं.”

त्यांनी गोल फळ माझ्या हातावर ठेवले, मग लांबट. मी दोन्ही खाल्ली, आणि मुद्दाम गोल मागाहून खाल्ले. ती मंद गोडी जिभेवर असतानाच मी माझ्या दाराकडे पाहिले. आत टेबलावर कोणाच्या तरी आईचा चेहरा अर्धा भरून झाला होता, आणि ऊन तिच्या दुसऱ्या गालावर सरकत होते.

“लांबट,” मी म्हणालो.

भावोजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. ते मूर्ख होते. पण खोटा माल ओळखण्याचाच त्यांचा धंदा होता. मग त्यांनी खिशातून स्टिकर काढले. बाकीच्या दोन्ही कुंड्यांवर ‘नापास’ डकवले आणि त्या जिन्याच्या वळणावर, विजेच्या मीटरांखाली नेऊन ठेवल्या. ज्याला हवे त्याने न्यावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून नवे कुंचले घेऊन परतलो, तर कॅलामोंडिन कोणीतरी नेले होते. लोक दिसण्याला भुलतात. गोल झाड तिथेच होते. जिन्यात ऊन कधीच येत नाही. त्याची चार-पाच फळे पायरीवर पडली होती, आणि एक कोणाच्या तरी चपलेखाली चिरडले होते. मी वर गेलो. टेबलाशी बसलो. कुंचला भिजवला, छटा कालवली, आणि त्या आईच्या गालावर तो टेकवण्याआधीच लक्षात आले, की छटा चुकली आहे. पुन्हा कालवली. पुन्हा चुकली. ऊन भरपूर होते.

मग मी उठून खाली गेलो आणि कुंडी उचलली. ती माझ्या अंदाजाहून जड होती. दोनदा टेकवावी लागली. टेबल भिंतीकडे सरकवले, तेव्हा पलंगाला वाट राहिली नाही. पलंग तिरका केला, तेव्हा कपाटाचे दार उघडेना. शेवटी अर्धी खिडकी झाडाला मिळाली आणि अर्धी मला. बसून पाहिले. पानांची सावली नेमकी कागदावर पडत होती.

स्टिकर नखाने खरवडत असताना दाराशी चाहूल लागली. भावोजी कामावरून आले होते. हातात डबा, पायांत अजून बूट. त्यांनी झाड पाहिले, तिरका पलंग पाहिला, मला पाहिले. काय बोलतील ते मला आधीच कळले होते, आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्याविरुद्ध माझ्यापाशी एकही मुद्दा नव्हता.

“म्हटलं होतं ना,” ते म्हणाले, “त्याला हीच खिडकी लागते.”

मग आत येऊन, मला न विचारता, त्यांनी कुंडीच्या मातीत बोट खुपसले आणि डोळे मिटले.