तातोंच्या खुर्चीचा करार

एक जुलैला सकाळी साडेदहा वाजता मी तातोंच्या घरी टीव्हीसमोर बसले होते आणि समोरच्या रस्त्याकडेला एका निळ्या पिकअपमध्ये दोन म्हातारे बसून होते. काचा बंद, बाहेर तीस अंश. ट्रक ओळखीचा होता, म्हातारेही. ते उतरत का नाहीत, हे मला कळत नव्हतं, आणि मी होऊन बाहेर जाणार नव्हते.

तातो म्हणजे माझे वडील, ओरेस्ट हाव्रिलुक. विनिपेगच्या रस्त्यांवर बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला आणि उरलेला वेळ बर्फावरच्या हॉकीच्या संघाची काळजी करण्यात. एप्रिलमध्ये ते गेले. घर, बागेतला लसूण आणि रिंकमधली एक खुर्ची एवढं माझ्याकडे आलं. खुर्ची म्हणजे पूर्ण हंगामाचं तिकीट. रांग पंधरा, मधली जागा. ती ठेवायची की सोडायची, हे मला याच आठवड्यात संघाच्या कार्यालयाला कळवायचं होतं.

सोडायची, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. खुर्चीच्या डाव्या हाताला रेआल कारिएर बसायचे आणि उजव्या हाताला सिग्गी थोरवाल्डसन. मधे तातो. तातोंची शवपेटी उचलणाऱ्यांत पुढची दोन टोकं या दोघांनी धरली होती. त्यानंतर दोघांपैकी एकाचाही मला फोन आला नाही. मे महिन्यात वाणसामानाच्या दुकानात चीजच्या कपाटापाशी मला सिग्गी दिसले. मी हात केला. त्यांनी ट्रॉली वळवली आणि गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या मानानं फारच चपळाईनं ते कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत शिरले. सिग्गींकडे कुत्रा नाही.

तेव्हा मी समजायचं ते समजले. त्यांची मैत्री ओरेस्ट हाव्रिलुकशी होती, त्याच्या मुलीशी नव्हती. यात त्यांची चूक आहे असंही मला वाटलं नाही. फक्त त्या दोघांच्या मधे जाऊन बसणं आता शक्य नव्हतं.

एक जुलै हा देशाचा वाढदिवस. शेजारी लाल टोप्या घालून मिरवणुकीला जातात, संध्याकाळी मांस भाजतात. आमच्या घरात कुणी कधी मिरवणुकीला गेलं नाही. त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला, करार संपलेले हॉकीचे खेळाडू मोकळे होतात आणि वाटेल त्या संघाशी बोलू शकतात. दिवसभर टीव्हीवर सूट घातलेली माणसं कोण कुठे चालला ते सांगत राहतात, आणि तातो सोफ्यावर बसून त्यांना उत्तरं देत राहायचे.

आमच्या शहरात आपणहून कुणी येत नाही. हिवाळ्यात उणे चाळीस, उन्हाळ्यात डास. नावाजलेले खेळाडू आपल्या करारात लिहूनच घेतात की, आम्हाला अमुक शहरांत पाठवायचं नाही, आणि त्यात आमचं शहर असतंच. पूर्वी एकदा तर अख्खा संघच शहर सोडून गेला आणि पंधरा वर्षांनी परत आला. त्या पंधरा वर्षांत तातोंनी कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, पाहिलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

तर एक जुलैला इतरांचं जेवून झालं की उरलंसुरलं आमच्या पानात पडायचं. टीव्हीवाले त्याचं कौतुक करायचे आणि तातो मला अर्थ सांगायचे. ‘अनुभवी’ म्हणजे गुडघे गेलेला. ‘ड्रेसिंग रूममध्ये फार चांगला’ म्हणजे बर्फावर नाही. ‘स्वतःला सिद्ध करायला आतुर’ म्हणजे आधीच्या संघानं दारापर्यंत पोचवायलाही कुणाला पाठवलं नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की याच माणसांसाठी तातो घसा फुटेपर्यंत ओरडायचे.

नियम एकच होता. बारा वाजायच्या आत कुठल्याही खेळाडूचं नाव घ्यायचं नाही. मुदतीआधी दुसऱ्याच्या खेळाडूशी बोलणं ही फोडाफोडी, संघांना त्यासाठी दंड होतो, आणि तातोंच्या घरातही व्हायचा. एकदा रेआलनी दहा मिनिटं आधी एका गोलकीपरचं नाव घेतलं. तातोंनी त्यांना मागच्या ओसरीत डासांत नेऊन उभं केलं आणि जाळीचं दार लावून घेतलं.

यंदा मी एकटीच होते. अकरा वाजले, म्हणजे टोरांटोचे बारा, आणि त्या घड्याळानं बाजार उघडला. ट्रकमधले दोघे हलले नाहीत. मधूनच हॉर्न वाजे. टीव्हीवर आमच्या संघाचं नाव नव्हतं. एक वाजता बर्निस क्लासेन येणार होत्या.

बर्निसबाईंची जागा रांग सोळात, तातोंच्या बरोबर मागे. त्यांनी मे महिन्यातच रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन येऊन विचारलं होतं, “दार्का, तू काही ती खुर्ची ठेवायची नाहीस ना? माझ्या जावयाला हवीय.” मी म्हटलं होतं, बहुधा नाही. एक जुलैला नक्की सांगते. केक चांगला होता.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले आणि दारावरची बेल वाजली.

दोघंही सूट-टायमध्ये होते. दोघांकडे एकेकच सूट आहे, आणि तो मी एप्रिलमध्ये पाहिलेला होता. रेआलचा चेहरा उकडलेल्या बीटसारखा झाला होता.

“दार्का,” ते म्हणाले, “आम्ही संघातर्फे आलोय.”

“कुठल्या?”

“रांग पंधरा,” सिग्गी म्हणाले. “आत घेतेस का? याला घेरी येतेय.”

“मला नाही येत. यालाच येतेय.”

“साडेदहापासून बसलायत तुम्ही बाहेर.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “दिसलो?” रेआलनी विचारलं.

“हॉर्न वाजत होता.”

“तो याचा गुडघा. तरी सांगत होतो, मागे सरकून बस.”

“मग आत का नाही आलात?”

“बारा वाजायचे होते ना.”

“अकरालाच उघडला की बाजार.”

“बघ,” रेआल सिग्गींना म्हणाले. “मी काय सांगत होतो? टोरांटोचे बारा म्हणजे आपले अकरा. हा म्हणे, खेळाडू विनिपेगचा तर घड्याळ विनिपेगचं. तासभर जास्त शिजवलंस मला.”

“टोरांटोचं घड्याळ बघून मी जेवतसुद्धा नाही,” सिग्गी म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं. बैठकीत तातोंचा सोफा आहे, तपकिरी, तिघांचा. मधली गादी खोल गेलेली. दोघे दोन टोकांना बसले, इतके टोकाला की हात बाहेर लोंबत होते. मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली.

“कोण खेळाडू?” मी विचारलं.

“तू,” रेआल म्हणाले. “ओरेस्ट गेला तेव्हाच आम्ही ठरवलं, आपल्याला दार्का हवी. पण जून संपेपर्यंत तू जुन्या करारात. तुझ्याशी बोलायचं म्हणजे फोडाफोडी.”

“म्हणून फोन केला नाहीत?”

“जिनेट रोज म्हणायची, कर फोन, गाढवा. मी म्हटलं, बाई, नियम आहे. ओरेस्टनं जन्मभर पाळला, तो गेल्यावर मी मोडू?” जिनेट म्हणजे रेआलची बायको.

“आणि चीजच्या कपाटापाशी?”

सिग्गींनी बुटांकडे पाहिलं. “तू हात केलास. उलटा हात करणं म्हणजे संपर्क साधणंच झालं. मला दुसरं काही सुचलं नाही, पोरी. घरी गेलो तर पिशवीत कुत्र्याची बिस्किटं.”

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. नळ जरा जास्त वेळ सोडून ठेवला.

परत आले तर त्यांनी आपापसांत माझी पाहणी सुरूच केली होती.

“ऑफसाइड कळते,” रेआल बोटांवर मोजत होते. “खुर्चीतून सारखी उठत नाही. वय चांगलं. गुडघे स्वतःचे.”

“मध्यंतरात पुस्तक वाचते,” सिग्गी म्हणाले.

“वाचू दे. तू मध्यंतरात झोपतोस.”

“झोपतो, पण खेळ सुरू झाला की उठतो. ही पान संपवते.”

“तर आमचं म्हणणं,” रेआल माझ्याकडे वळले, “तीन वर्षं. सात म्हणणार होतो, पण सात वर्षांची खात्री आम्हालाच आमची नाही. आणि बदली-बंदी. तुला रांग सोळात कधीही पाठवणार नाही.”

“सोळाकडूनही विचारणा झालीय मला,” मी म्हणाले. “बर्निसबाई येतील एक वाजता. जावयासाठी हवीय त्यांना. मे महिन्यात केक घेऊन आल्या होत्या.”

रेआलनी पेला खाली ठेवला. “मे महिन्यात?”

“रुबार्बचा.”

“आम्ही इथे ट्रकमध्ये वाफेवर शिजतोय आणि ती बाई मे महिन्यात केक वाटतेय. ओरेस्टनं ओसरीत काढली असती तिला.”

“तो जावई टोरांटोच्या संघाचा चाहता आहे,” सिग्गी हळूच म्हणाले. “त्यांचा निळा सदरा घालून येतो. मी पाहिलाय.”

टीव्हीवर एक छत्तीस वर्षांचा बचावपटू मोकळा असल्याचं सांगत होते.

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. तीन महिने मी रोज संध्याकाळी फोनकडे पाहिलं होतं आणि हे दोघे फोनपासून पळत होते, एका नियमासाठी. आणि नियम मला त्यांच्याहून चांगला ठाऊक होता, कारण तातोंनी तो मला मी शाळेत असतानाच शिकवला होता.

“एक विचारू?” मी म्हणाले. “फोडाफोडीचा नियम कुणासाठी असतो?”

“सगळ्यांसाठी,” रेआल म्हणाले.

“दुसऱ्या संघांसाठी. ज्या संघाचा खेळाडू असतो तो संघ त्याच्याशी वर्षभर बोलू शकतो. कधीही. नाताळातसुद्धा.”

रेआलनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“तेव्हा मी जर बर्निसबाईंच्या रांगेची असते,” मी म्हणाले, “तर तुम्ही केलंत ते बरोबर होतं.”

सिग्गी आपल्या टायचं टोक बोटाला गुंडाळत होते. ते रेआलना म्हणाले, “म्हणजे ही आधीपासून आपलीच होती.”

“ते कळलं मला.”

“मग मी त्या बिस्किटांचं काय करू?”

“गप्प बस, सिग्गी.” रेआलनी रुमाल काढून चेहरा पुसला, मग उगाच पुन्हा पुसला. “जिनेटला यातलं काही सांगायचं नाही.”

तेवढ्यात बर्निसबाई आल्या. घड्याळात एकाला पाच कमी होते. हातात झाकलेलं ताट. दोन सूट पाहून त्या क्षणभर थबकल्या. “कुणी गेलं का?”

“अजून नाही,” सिग्गी म्हणाले.

बर्निसबाईंनी ताट टेबलावर ठेवलं, बसायला जागा शोधली आणि दोघांच्या मधे, सोफ्याच्या खोल गेलेल्या गादीवर बसल्या. एप्रिलपासून त्या गादीवर कुणी बसलं नव्हतं. मी धूळसुद्धा तिच्या कडेकडेनं पुसत होते. रेआल छताकडे पाहू लागले. सिग्गींनी डोळे मिटले.

“ही गादी बदलून घे, दार्का,” बर्निसबाई म्हणाल्या. “माणूस पार तळघरात जातो. तर काय ठरलं? जावई चांगला आहे. जिने चढताना दम लागत नाही, थर्मासमधून सूप आणतो, सगळ्यांना देतो.”

“टोरांटोचा आहे तो,” रेआल छताला म्हणाले.

“बदलेल. लग्नासाठी आमच्या पंथात येऊन त्यानं दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. थंडगार पाण्यात.”

“देवाचं निराळं, बर्निस. हा हॉकीचा प्रश्न आहे.”

मी त्या गादीकडे पाहत होते. बर्निसबाई तिच्यावर आरामात बसल्या होत्या, स्वतःचं घर असल्यासारख्या, आणि काहीच झालं नव्हतं. छत होतं तिथेच होतं. उद्या त्या खुर्चीतही कुणीतरी असाच बसेल, सूप पीत, निळ्या सदऱ्यात.

“बर्निसबाई, जरा उठता?”

“का ग?”

“ती माझी जागा आहे.”

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. मग हात पुढे केला, मी त्यांना ओढून उभं केलं आणि त्यांच्या जागी बसले. वाटलं त्याहून मी खोल गेले. टोकाचे दोघे तोल जाऊन दोन्ही बाजूंनी माझ्यावर कलंडले. सूटना कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. कुणीच लगेच सरळ झालं नाही.

“एक वर्ष,” मी म्हणाले.

“तीन,” रेआल माझ्या खांद्यापाशी म्हणाले.

“एक. आणि या वर्षात फोन करायचा.”

“करू. दिवसातून दोनदा करू.”

“आठवड्यातून एकदा पुरे.”

बर्निसबाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. “आता जावयाला मी काय सांगू?”

“सांगा, बाजार आजच उघडलाय,” मी म्हणाले. “होईल सोय कुठेतरी.”

“केक परत नेणार का?” रेआलनी विचारलं.

“मला काय समजलायस तू?” त्यांनी झाकण काढलं आणि तुकडे करायला घेतले. सर्वांत मोठा मला दिला, त्याहून लहान सिग्गींना, आणि रेआलना जरा वाट पाहायला लावली.

सिग्गींनी टाय सैल केला, तोंडातला घास संपवला आणि विचारलं, “बर्निस, तुझ्या शेजारच्या खुर्चीत कोण बसतं?”

“आमचे हे. तुला माहीत नाही का? एवढी वर्षं तुझ्याच डोक्यामागे खोकतात.”

“त्यांचा करार कधी संपतो?”

बर्निसबाईंनी सुरी खाली ठेवली आणि आम्हाला वाटलं त्याहून बराच जास्त वेळ विचार केला.