पंजा तिथेच होता

मी एक जुना लाकडी पहारेकरी आहे, मित्रांनो. जातीने अस्वल. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या पार्कच्या मागच्या गोदामात आहे. एका बाजूला मोडक्या छत्र्या, दुसऱ्या बाजूला रंग उडालेल्या खुर्च्या, आणि मध्ये मी, उजवा हात पुढे करून उभा. गोदाम झाडणारा माणूस येता-जाता माझ्या पंजावर ओले फडके वाळत घालतो. माझी तक्रार नाही. पुढे केलेल्या हाताला काहीतरी काम असलेले बरे.

तुम्ही कधी वेगाच्या गाडीत बसायला गेला असाल, तर माझे भाऊबंद तुम्ही पाहिलेच असतील. रांगेच्या तोंडाशी आम्ही उभे असतो. कुणी साधी पट्टी असतो, कुणी जिराफ, कुणी विदूषक. सोंगे निराळी, काम एकच. मूल आमच्या हाताखाली येऊन उभे राहते. डोके हाताला टेकले तर आत. मध्ये वाऱ्याला जागा उरली तर घरी जा, जेवून-खाऊन मोठा हो, पुढच्या सुट्टीत ये.

मला घडवले ते एका सुतारकाकांनी. काका मोठे भाविक. रंधा चालू झाला की त्यांचे गाणेही चालू व्हायचे, आणि पुष्कळदा ते त्यांचे स्वतःचेच जुळवलेले असायचे. माझा पंजा बसवताना ते एकच कडवे घोळवत होते:

पाय ज्याचे ठायी । त्याची उंची खरी ।
उसनी पायरी । मोजू नये ॥

शेजारी बसलेला रंगारी हसला. म्हणाला, "काका, अस्वलाला कसला उपदेश करताय?"

"अस्वलालाच करतोय बाबा. माणसं कुठे ऐकतात?"

पंजा त्यांनी खिळ्यांवर नाही, लाकडी खुंट्यांवर बसवला. पुढेमागे कुणाला वाटले, जरा खाली घेऊ, तरी घेता येऊ नये म्हणून. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे बघ, कुणी गोड बोलेल, कुणी रडेल, कुणी मोठ्याची ओळख सांगेल. तू हलायचं नाहीस." मी हललो नाही. आजही हललेलो नाही. माझे सगळे दुःख तिथेच आहे, पण ते पुढे सांगतो.

मला डोंगरगाडीच्या दारात उभे केले. डोंगर प्लास्टरचा, आतून पोकळ. गाडी कुरकुरत वर चढायची आणि अंधारातून वळणे घेत सुसाट खाली यायची. प्रत्येक आसनावर मांडीवर बसणारा एक आडवा लोखंडी दांडा होता. पुरेशा उंचीचे मूल त्याच्याखाली घट्ट बसे. लहान मूल बसवले तर दांडा आणि मांडी यांच्यात फट राहायची. त्या फटीसाठीच मी होतो.

दारावर एक मावशी असत. सगळा पार्क त्यांना मावशीच म्हणे. मुलांच्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. कुणी बुटात कागदाचे बोळे कोंबून येई, कुणी केसांचा भलामोठा बुचडा डोक्यावर बांधून. मावशी बुचडा हलकेच दाबून बघत आणि म्हणत, "टाचा खाली घे राजा. मामाला गुदगुल्या होतात."

एखादी आई फणकारायची, "दोन बोटांनी काय आभाळ कोसळतंय?"

"मला नका विचारू, बाई. ह्याला विचारा. हा माझा वरचा साहेब."

मुले रडत परत जात. मला अस्वलमामा म्हणत, आणि कधी कधी खडूस मामाही म्हणत. पण मित्रांनो, ज्याचा आपल्यावर जीव असतो तोच आपल्याला वेळेला 'नाही' म्हणतो. देवसुद्धा मागितलेले सगळे देत नाही. म्हणून तर आपण टिकून आहोत. कुठल्याही मुलाला परत पाठवताना मला वाईट वाटले नाही. ते परत जाताना चालत जात होते, एवढे मला पुरे होते.

आता टिकलीचे सांगतो.

डोंगरगाडीची देखभाल करणारा एक फिटर होता. रोज सकाळी दार उघडण्याआधी तो डबा न् डबा तपासायचा. टिकली त्याची मुलगी. खरे नाव वेगळे असेल, पण एवढीशी म्हणून टिकली. शाळेला सुट्टी असली की बापाचा हात धरून यायची आणि तो डब्यांखाली शिरला की माझ्यापाशी येऊन उभी राहायची. पाठ ताठ, हनुवटी वर, श्वास रोखलेला.

खालून फिटर विचारायचा, "काय म्हणतो मामा?"

"थांब म्हणतो."

"मग थांबायचं."

"किती दिवस?"

"तोच सांगेल. ज्या दिवशी टेकलीस, त्या दिवशी तू आणि मी, पहिल्या डब्यात."

मग ती माझ्या लाकडी कानाशी यायची आणि कुजबुजायची, "लवकर सांग ना रे मामा." तिने एकदाही टाचा उचलल्या नाहीत. मामा खोटे बोलत नाही, मग मामाशी कसे बोलायचे, असा तिचा साधा हिशेब होता.

अशी वर्षे गेली असती. पण तळ्याच्या पलीकडे दुसरा पार्क उभा राहिला. आधी दिसली ती नुसती क्रेन. मग झाडांच्या वर हळूहळू एक काळी मान उगवू लागली. एका गाजलेल्या सिनेमातला ड्रॅगन होता तो. त्या सिनेमाने मुलांना वेड लावले होते. दिवसातून अनेकदा तो तोंडातून ज्वाळा सोडी आणि आमच्या रांगेतली मुले माझ्याकडे पाठ करून तिकडे बघत राहत. पुढच्या सुट्टीत ती तिकडेच गेली.

माझ्यासमोरची रांग आटत गेली. मावशी स्टुलावर बसून जांभया देऊ लागल्या. एक दिवस पाळण्यावरचा माणूस दिसेनासा झाला, मग आरशांच्या खोलीवरची बाई. फिटर रोज काळजीने विचारायचा, "मावशी, आज कोण गेलं?" आणि मावशी म्हणायच्या, "आज आपण दोघं आहोत, एवढं बघ."

तेव्हा मालकांनी मोठी उडी मारली. धुक्यातल्या राजाच्या गोष्टींची पुस्तके तेव्हा घराघरांत वाचली जात. त्या पुस्तकांचे हक्क त्यांनी घेतले. डोंगरगाडीच्या डोंगराचा किल्ला होणार होता. तिकडे पलीकडचा पार्क दुसरा ड्रॅगन आणत होता, आणि दोघांचेही उद्‌घाटन एकाच दिवशी ठरले. कुणीच मागे हटेना. कामाची अशी घाई सुरू झाली की माणसे चालायची विसरली. सगळे धावतच असत.

मला राखाडी रंग फासला, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर खोट्या लोखंडाचे चिलखत. अस्वलमामाचा धुकेरक्षक झाला. ते मी निमूट सोसले. पण नंतर सजावटकार माझ्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "राजाच्या किल्ल्यात ही सिमेंटची जमीन? पोरं हसतील आपल्याला."

त्याने दारापासून माझ्यापर्यंत दगडासारख्या दिसणाऱ्या जाड फरश्या घातल्या. काम सुरेख होते, खोटे कशाला बोलू. फटीत शेवाळसुद्धा रंगवले होते. मला मात्र त्या फरश्यांनी घोट्यापर्यंत गाडले. माझ्याभोवतीची जमीन चार बोटे वर आली.

माझा पंजा होता तिथेच होता.

कुणी लबाडी केली नाही, मित्रांनो. सजावटकाराला किल्ला करायला सांगितला होता. त्याने किल्ला केला. अस्वल कशासाठी उभे आहे हे त्याला कुणी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. पण ज्या मुलाला काल मी 'थांब' म्हणत होतो, त्याला आज माझाच हात 'ये' म्हणणार होता. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. सुतारकाकांनी मला तोंड कोरले होते, पण आवाज देणारा तो वरचा, त्याने तो दिला नव्हता.

उद्‌घाटनाच्या दिवशी रांग पार फाटकापर्यंत गेली. मावशींना नवा झगा दिला होता. थोडी मुले आत गेल्यावर त्या थबकल्या. साहेब, म्हणजे पार्कचे व्यवस्थापक, तिथूनच चालले होते. एका कानाला फोन. तळ्यापलीकडे किती गर्दी आहे, हे कुणीतरी त्यांना सांगत होते.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "ह्यातल्या काही पोरांना मी परवा-परवाच परत पाठवलं होतं."

"पंजा कुणी खाली घेतला का?"

"नाही."

"बघा तरी लोंबकळून."

मावशींनी दोन्ही हातांनी माझा पंजा धरला आणि सगळा भार टाकला. खुंट्यांनी कुईसुद्धा केले नाही.

"हलला?"

"नाही हो."

"मग झालं तर. पोरं वाढतात, मावशी. आज रांग वाढतेय तेवढं बघू द्या मला."

मावशी ओशाळल्या. "मलाच चष्मा लागला वाटतं," असे म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला आत घेतले. सगळ्यांनी माझ्या पंजाकडे पाहिले. माझ्या पायांकडे कुणीच पाहिले नाही. माझा ताठपणा हीच खोट्याची साक्ष झाली.

मग टिकली आली. धुतलेला फ्रॉक, दोन घट्ट वेण्या. नेहमीसारखी उभी राहिली. पाठ ताठ, हनुवटी वर. आणि तिच्या भांगाला माझे लाकूड लागले.

ती हललीच नाही. डोळे तेवढे मोठे झाले. मग हळूच म्हणाली, "बाबा, टेकलं."

फिटर हात पुसत आला. पंजाकडे पाहिले, तिच्या डोक्याकडे पाहिले. "टेकलं की गं," म्हणाला.

"मामा म्हणाला, ये."

"मग चला. पहिला डबा."

मावशींनी तिचा गालगुच्चा घेतला. "बघ, थांबलीस म्हणून मिळालं."

ती दोघे दारातून आत शिरणार, इतक्यात साहेब धावत आले. किल्ल्यातले धुके सोडणारे यंत्र अडकले होते. पाहुणे आत बसलेले, आणि धुक्याच्या राज्यात धुकेच नाही.

"आधी ते बघ. लगेच."

"साहेब, एक फेरी. पोरीला शब्द दिलाय."

"पोरगी जाऊ दे ना. उंचीला बसते ती. तुला काय, तिच्या मांडीवर बसायचंय?"

रांगेतले लोक हसले. फिटरही कसानुसा हसला. टिकलीपुढे वाकून म्हणाला, "तू हो पुढे. दांडा घट्ट धर. मी उतरायच्या जागी उभा असतो."

"पहिल्याच डब्यात ना?"

"पहिल्याच."

गाडी कुरकुरत वर गेली. डोंगरातून रोज किंकाळ्या येत. इतक्या वर्षांत त्या मला ओळखीच्या झाल्या होत्या. वरवर भीतीच्या, आतून आनंदाच्या. त्या दिवशी दुसऱ्या वळणावर एक आवाज निराळा आला. रांगेतल्या लोकांना तो कळला नाही. कुणीतरी म्हणाले, "वा, मस्त दिसतंय आत."

गाडी खाली आली. पहिल्या डब्यातला दांडा नीट बंद होता. त्याच्याखाली कुणी नव्हते.

यंत्र सोडवून फिटर उतरायच्या जागी येऊन उभा होता. तो तिला तिच्या खऱ्या नावाने हाका मारू लागला. त्या दिवशी मला तिचे नाव कळले. ते मी कुणाला सांगणार नाही. टिकली परत आली नाही.

मग तपासनीस आले. त्यांनी फरशीपासून पंजापर्यंत टेप लावला, पुन्हा लावला, आणि एकमेकांकडे पाहिले. सजावटकार म्हणाला, मला मापाचे कुणी बोलले नाही. साहेब म्हणाले, पंजाला कुणी हात लावला नाही. मालक म्हणाले, माणसे नेमली होती. प्रत्येकाचे बोलणे खरे होते, आणि सगळी खरी बोलणी एकत्र केली तरी त्यातून एक मूल परत येत नव्हते. मावशींनी झगा घडी करून स्टुलावर ठेवला आणि त्या गेल्या. पलीकडच्या पार्कने दुसऱ्याच दिवशी फाटकावर फलक लावला: 'आमच्याकडे या, निश्चिंत राहा.' काही दिवसांनी आमचा किल्ला उतरवला. फरश्या उखडल्या आणि मला इथे आणून टाकले.

पुढे एकदा भर दुपारी फिटर गोदामात आला. खूप खंगला होता.  मला अगदी खेटून उभा राहिला. टिकलीचे डोके त्याच्या शर्टाच्या खिशाखालच्या शिवणीला लागायचे. त्या शिवणीच्या पातळीवर त्याने स्क्रू-ड्रायव्हरने माझ्या पोटावर एक आडवी रेघ ओढली. मग त्या रेघेपासून वर पंजापर्यंत आपला हात आडवा धरला. चार बोटे मावली.

"तू थांबच म्हणत होतास रे मामा," तो म्हणाला. "आम्हीच तिला तुझ्यापर्यंत उचललं."

तो गेला. पंजावरच्या फडक्यांचे पाणी कधी कधी त्या रेघेवरून ओघळते. इतर मुलांच्या खुणा घरांच्या दारांवर वर वर सरकत असतील. ही खूण आता जिथे आहे तिथेच राहील.

मित्रांनो, मला रंग द्या, टाकून द्या, चुलीत घाला. लाकूड आहे मी, शेवट ठरलेला आहे. एवढेच मागणे आहे. आपले धाकटे भावंड कुठल्याही मापाखाली उभे कराल, तेव्हा वर नंतर बघा. आधी खाली वाका आणि त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा. त्या दिवशी एवढ्या गर्दीत एक जण जरी वाकला असता, तरी टिकली हिरमुसून घरी गेली असती, आणि पुढच्या एखाद्या सुट्टीत, स्वतःच्या पायांवर उभी राहून, मला खरोखर टेकली असती.